शिपाई एका रात्रीत घडत नाही

पहाटेच्या काळोखात नांदेड-लातूरकडील कोणत्याही मोठ्या गावाच्या रस्त्यावर धावणारी तरुण मुले दिसतात. कोणाच्या पायांत झिजलेले बूट, कोणाच्या पायांत तेही नाहीत. सोळाशे मीटरचे अंतर किती मिनिटांत कापले, उंची किती भरली, छाती किती फुगली, या हिशेबात त्यांच्या तारुण्याची दोन-तीन वर्षे निघून जातात. शेतीवर घरातल्या सर्वांचे भागत नाही, पाऊस भरवशाचा नाही, कारखानदारी बेताचीच. तेव्हा सैन्यभरती ही या मुलांच्या दृष्टीने देशसेवा आहे आणि भाकरीही आहे. यात कमीपणाचे काही नाही. जगातील बहुतेक सैन्ये निष्ठा आणि भाकरी या दोन्हींच्या आधारावरच उभी राहिलेली आहेत.

परंतु भरती झालेला तरुण आणि लढाईत पाय रोवून उभा राहणारा सैनिक यांच्यामध्ये एक मोठे अंतर असते, आणि ते काळाचे असते. पैसा कर्जाऊ मिळतो, शस्त्रे विकत मिळतात, माणसेही गोळा करता येतात. प्रशिक्षणास लागणारा काळ मात्र कोठल्याही बाजारात मिळत नाही. युद्ध सुरू झाले की नेमका त्याचाच तुटवडा पडतो. ज्या राष्ट्राने शांततेच्या काळात ही गंगाजळी साठवलेली असते ते तरून जाते. ज्याने साठवलेली नसते त्याला ती रक्ताच्या मोलाने भरावी लागते. अर्थशास्त्राचा हा साधा सिद्धांत समजून घेण्यासाठी मराठवाड्याला दूरचा इतिहास चाळण्याची गरज नाही. १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करून आपण ज्या दिवसांचे स्मरण करतो, त्या दिवसांतच हा धडा लिहिलेला आहे.

गोदाकाठची जुनी साक्ष

त्याही आधीची एक साक्ष नांदेडच्या भूमीत आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग गोदावरीच्या काठी आले. येथेच माधोदास नावाच्या बैराग्याने त्यांचे शिष्यत्व पत्करले आणि तो बंदासिंग बहादूर झाला. मूठभर साथीदारांनिशी तो उत्तरेस गेला. पंजाबातील शेतकरी, कारागीर आणि समाजाने तळाशी लोटलेले लोक त्याच्या भोवती जमले. १७०९ साली समाना आणि १७१० साली सरहिंद त्याने जिंकले. कसणाऱ्याच्या हाती जमीन देण्याचे धोरण त्याने अवलंबिले, हे या झपाट्यामागील एक मोठे कारण होते. ध्येय आणि जमीन या दोन्हींचे आश्वासन मिळाले म्हणजे सैन्य किती लवकर उभे राहते, याचे हे उदाहरण होय. तथापि मोगल बादशाहीच्या शिस्तबद्ध फौजांनी त्याला अखेर वेढ्यात गाठले, रसद तुटली, आणि १७१६ साली दिल्लीत त्याला देहदंड झाला. उत्साहाने सैन्य जमते. ते टिकवायचे तर शिक्षण, रसद आणि राखीव बळ लागते, हेही त्याच कथेने सांगितले.

लातूरचे वकील आणि त्यांची फौज

१९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला, आणि त्याने मिळालेल्या मुदतीत निजामाच्या राजवटीने युद्धाची तयारी आरंभिली. या तयारीचे एक अंग म्हणजे रझाकार संघटना. तिचा नेता कासीम रझवी हा लातूर येथे वकिली करणारा गृहस्थ. मजलिसची सूत्रे हाती येताच त्याने गावोगावी स्वयंसेवकांची भरती सुरू केली. संघटनेची संख्या दोन लाखांपर्यंत गेल्याचे सांगितले जाई. हा आकडा फुगवलेला असेल असे मानले तरी अल्पावधीत प्रचंड जमाव शस्त्रसज्ज झाला, याविषयी वाद नाही.

या जमावाला सैन्य म्हणता येईल काय? भरती होती, गणवेश होता, शपथ होती, कवायतही होती. नव्हते ते प्रशिक्षण, आणि ज्याच्या आज्ञेत राहावयाचे असा जाणता अधिकारीवर्ग. थोड्यांच्या हाती आधुनिक बंदुका, बाकीच्यांकडे भाले, तलवारी आणि जुनी ठासणीची हत्यारे. शत्रूच्या रणगाड्यासमोर काय करावयाचे हे या माणसांना कोणी शिकविले नव्हते. निःशस्त्र गावात शिरून काय करता येते हे मात्र त्यांना शिकवावे लागले नाही. नांदेड, उस्मानाबाद, बीड, परभणी या भागांतील खेड्यांनी त्याचा अनुभव घेतला. या अत्याचारांना विरोध करणारा माणूस कोणत्या धर्माचा आहे हेही पाहिले गेले नाही. 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत हत्या झाली, ती त्यांनी भारतातील विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून. शिस्तीवाचून शस्त्र हाती आले की ते प्रथम दुबळ्यावर चालते, हा नियम येथे उघडा पडला.

निजामाचे नियमित सैन्य याहून वेगळे होते. त्याचा सेनापती मेजर जनरल एल एद्रूस हा अनुभवी अधिकारी होता. परंतु सुमारे बावीस हजारांच्या त्या सैन्यातील थोडाच भाग पुरेसा शिकलेला आणि सुसज्ज होता. सिडने कॉटन नावाच्या विमानचालकाने कराचीहून रात्रीच्या वेळी शस्त्रे आणली. शस्त्रे विमानाने येऊ शकली. ती चालविण्याचा सराव विमानाने आणता येत नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय चिलखती दल आत शिरले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. दुसऱ्या दिवशी औरंगाबाद, तिसऱ्या दिवशी लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई. १७ तारखेला सारे संपले. जी मोहीम काही आठवडे चालेल असा अंदाज होता ती पाच दिवसांत आटोपली. लाखांच्या आकड्याला शिकलेल्या हजारांपुढे टिकता आले नाही.

सरहद्दीवरील शिबिरे

याच काळात तिसरे एक बळ घडत होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून लढा पुकारला होता. स्वामीजी कारागृहात असतानाही तो थांबला नाही. संस्थानाच्या सीमेपलीकडे, मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात, कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली. नांदेड भागातील कामाचा आधार उमरखेडचे शिबिर होते. शाळामास्तर, वकील, विद्यार्थी, शेतकऱ्यांची मुले अशी ही भरती. त्यांतील अनेकांनी पूर्वी बंदूक हाती धरलेली नव्हती. करोडगिरीची नाकी उठविणे, दळणवळण तोडणे, रझाकारांच्या ठाण्यांवर छापे घालणे अशी कामे त्यांच्याकडे होती. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत महात्माजींचा वध झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर या कार्यकर्त्यांनी धाड घातली. हाती आलेली लक्षावधी रुपयांची रक्कम लढ्याच्या कामी जमा झाली. तिकडे उदगीर तालुक्यात हत्तीबेटाच्या आश्रयाने शेतकऱ्यांच्या तुकड्या लढत राहिल्या.

ही शिबिरे म्हणजेही युद्धकाळातील घाईची भरतीच होती. मग रझाकारांत आणि यांच्यात फरक कोणता? पहिला फरक उद्दिष्टाचा. दुसरा, आणि तोही तितकाच महत्त्वाचा, मर्यादेच्या जाणिवेचा. समोरासमोर लढाई देण्याचे शिक्षण आपल्यापाशी नाही हे शिबिरांच्या चालकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी माणसाला त्याच्या आवाक्यातील काम दिले. ज्याला नदीचे उतार आणि पायवाटा माहीत, तो वाटाड्या झाला. ज्याचे अक्षर चांगले, तो पत्रके लिहू लागला. थोड्या काळात माणूस घडवावयाचा तर त्याच्या अंगच्या ज्ञानाला वळण द्यावे लागते. युद्धशास्त्रात ज्याला परिस्थितीशी जुळवून घेणे म्हणतात ते हेच.

पाच दिवसांमागची सहा वर्षे

आता त्या पाच दिवसांच्या विजयाकडे वळू. मेजर जनरल चौधरींच्या हाताखालील सैन्य १९४८ साली उभे राहिलेले नव्हते. खुद्द चौधरी दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात लढलेले होते, आणि त्यांच्या तुकड्यांतील अनेक अधिकारी आणि जवान त्याच मुशीतून निघालेले होते. ती मूस कशी तयार झाली, हा या विषयाचा सर्वांत उद्बोधक भाग आहे.

१९३९ साली हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांचे होते. १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांच्या घरात गेले. सक्तीची भरती नव्हती. एवढी वाढ होताना पहिली कोसळली ती 'लढाऊ जाती'ची कल्पना. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या मताचा पगडा असा की, वायव्येकडील काही जमातींखेरीज इतरांत सैनिकी गुण नाहीत. जुन्या मुंबई सैन्यात पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती याच विचारसरणीने बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली एक महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. जी माणसे पन्नास वर्षे 'अयोग्य' ठरविली होती ती शिक्षण मिळताच योग्य ठरली. अयोग्यता रक्तात नव्हती. भरती करणाराच्या वहीत होती.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. घाईने वाढविलेले सैन्य १९४२ साली ब्रह्मदेशात पराभूत होऊन मागे आले. माणसे शूर होती, परंतु त्यांची तयारी वाळवंटी आणि मोटारवाहतुकीच्या युद्धाची होती. जंगल त्यांना परके होते. कच्चे रिक्रूट घाईघाईने पलटणींत भरले जात होते. अशा वेळी कोणत्याही सेनापतीची पहिली प्रतिक्रिया असते ती आणखी माणसे आघाडीवर लोटण्याची. १९४३ साली उलट निर्णय झाला. चौदावी आणि एकोणचाळिसावी या दोन डिव्हिजन आघाडीवरून काढून त्यांचे काम केवळ शिकविण्याचे ठरले. चौदावीचे ठाणे होते मध्य प्रांतातील छिंदवाडा. रेजिमेंटच्या केंद्रात नऊ महिने प्राथमिक शिक्षण, आणि त्यानंतर येथे दोन महिने जंगलयुद्धाचे शिक्षण, असा क्रम बसविण्यात आला. रात्री चालणे, आवाज न करणे, वेढा पडला तरी जागा न सोडणे, हिवतापापासून शरीर जपणे, हे सारे विषय होते. लढून आलेले लोकच शिक्षक होते, त्यामुळे आघाडीवरचा अनुभव शिक्षणक्रमात येत राहिला. १९४४ साली इंफाळ आणि कोहिमा येथे त्याचे फळ दिसले; दोन वर्षांपूर्वी मागे हटलेल्या सैन्याने जपानी आक्रमण परतविले.

मराठा पलटणींचा प्रवासही असाच आहे. १९४१ साली इरिट्रियातील केरेनचे उघडे डोंगर, पुढे वाळवंट, आणि मग इटलीतील नद्या व टेकड्या. १९४४ साली नाईक यशवंत घाडगे आणि १९४५ साली नामदेव जाधव यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. कोकण-देशावरच्या खेड्यांतून आलेल्या या मुलांनी चार वर्षांत तीन प्रकारच्या भूमीवरील युद्ध आत्मसात केले. बियाणे चांगले होतेच. पण मशागतीवाचून चांगल्या बियाण्याचेही काही होत नाही, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगावयास नको.

विसरलेला धडा

१९४८ च्या विजयाला एक काळी किनारही आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लष्करी कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बिदर या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान नागरिकांवर सूडाचे भयंकर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्यांचा अहवाल दिला. तो अनेक दशके प्रकाशात आला नाही. ज्या गावांनी रझाकारांचा जुलूम सोसला होता, त्यांतील काहींनी तोच जुलूम शेजाऱ्यावर उलटविला. हाती शस्त्र आहे पण आज्ञा नाही, शिस्त नाही आणि जबाबदारी नाही अशी माणसे कोणत्याही बाजूची असोत, परिणाम एकच होतो. सैनिकी शिक्षणात नेम धरण्याइतकेच नेम न धरण्याचे शिक्षण महत्त्वाचे असते.

स्वातंत्र्यानंतर तयारीचा धडाही आपण विसरलो. १९६२ साली नामका चू नदीच्या काठी सुती गणवेशातील जवान हिमालयाच्या थंडीत उभे होते. मैदानी युद्धासाठी शिकलेली माणसे पुरेशा सरावावाचून पर्वतावर पाठविली गेली. पराभवानंतर मग धावपळ: पुणे आणि मद्रास येथे आणीबाणीच्या काळातील अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा, पर्वतीय डिव्हिजनांची उभारणी, १९६३ पासून महाविद्यालयांत सक्तीचे एन.सी.सी. ती सक्ती १९६८ साली गेली. याउलट १९७१ साली मार्च महिन्यात पूर्व बंगालचा प्रश्न पेटल्यानंतर डिसेंबरपर्यंतचा काळ तयारीस मिळाला आणि तो सत्कारणी लागला. तेरा दिवसांच्या युद्धाचा निकाल आधीच्या नऊ महिन्यांत लागला होता.

आजचा प्रश्न

या पार्श्वभूमीवर २०२२ साली आलेल्या 'अग्निपथ' योजनेकडे पाहिले पाहिजे. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांना चार वर्षांसाठी घ्यावयाचे, त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम करावयाचे आणि उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी देऊन निरोप द्यावयाचा, निवृत्तिवेतन नाही. सैन्याचे सरासरी वय कमी व्हावे आणि निवृत्तिवेतनाचा भार हलका होऊन पैसा आधुनिकीकरणाकडे वळावा, ही योजनेच्या समर्थकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु हिशेबाची दुसरी बाजू मांडल्यावाचून ताळेबंद पुरा होत नाही. चार वर्षांत प्रशिक्षणाचा काळही धरलेला आहे, आणि तो पूर्वीपेक्षा आखूड झालेला आहे. शिकविण्यावर खर्च केलेले भांडवल जेव्हा खरे फळ देऊ लागते, तेव्हाच त्याचा तीन-चतुर्थांश भाग सैन्याबाहेर जातो. छिंदवाड्याच्या शिक्षणक्रमाचा आधार अनुभवी हवालदार-सुभेदार हा होता. तो वर्ग पुढे कोठून येणार, याचे उत्तर योजनेने द्यावयास हवे.

पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. नांदेड-लातूरच्या खेड्यांत परतणाऱ्या या तरुणांचे काय होणार, हा प्रश्न सैन्यापुरता नाही. केंद्रीय पोलीस दलांत जागा राखून ठेवण्याच्या घोषणा झालेल्या आहेत; त्या पाळल्या जातात की नाही याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे यावा. परतलेल्यांची नोंद ठेवून, वर्षातून काही दिवस उजळणी देऊन त्यांचे राखीव बळ उभारता येईल, म्हणजे युद्धकाळात पुन्हा कच्च्या माणसांवर वेळ येणार नाही.

आपल्या भागालाही काही करता येण्यासारखे आहे. २०२३ पासून भरतीत लेखी परीक्षा आधी आणि धावणे नंतर असा क्रम झाला आहे. नुसत्या पायांच्या बळावर आता निभाव लागणार नाही. परीक्षेच्या तयारीत लातूरने नाव कमावले आहे. परंतु ती पद्धत डॉक्टर आणि इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या, फी भरू शकणाऱ्या मुलांपुरती राहिली. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुलाच्या गणिताकडे आणि इंग्रजीकडे कोणी पाहत नाही. भरतीपूर्व शिक्षणाच्या नावाखाली चालणाऱ्या खाजगी वर्गांच्या दारी त्याच्या बापाला शेत गहाण टाकावे लागू नये. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात संध्याकाळचा एक विनामूल्य वर्ग, मैदान आणि चालते एन.सी.सी. पथक एवढे जरी देता आले तरी पुष्कळ होईल. यासाठी लागणारे शिक्षक गावात आहेत, निवृत्त जवानही आहेत.

१९४८ च्या सप्टेंबरात ज्या रस्त्यांवरून रणगाडे गेले त्यांच्याच कडेने आज ही मुले धावतात. त्यांतील किती निवडली जातील ते देशाच्या गरजेवर अवलंबून आहे. जी निवडली जातील त्यांना पुरता काळ देऊन घडवावे, आणि जी परत येतील त्यांना समाजाने रिकाम्या हाताने बसवू नये. कच्च्या भरतीची किंमत या भूमीने एकदा मोजलेली आहे.